अतिथी, जावळ आणि उंदरांचा मनोरा

पोलंडमधील एका सरोवरकाठच्या गावाचे स्थलमाहात्म्य

क्षेत्र म्हटले की त्यामागोमाग स्थलमाहात्म्य आलेच. डोंगरावरच्या देवीची किंवा नदीकाठच्या स्वयंभू लिंगाची कथा क्षेत्रोपाध्ये सांगू लागले, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात सनावळी विचारण्याचे येत नाही. हात आपोआप जोडले जातात. स्थलमाहात्म्याची ही परंपरा केवळ आपल्याच देशात आहे असे मात्र नव्हे. युरोपखंडात पोलंड नावाचा देश आहे. त्या देशाच्या कुयावी प्रांतात गोप्वो नावाचे सुमारे २५ किलोमीटर लांबीचे, अरुंद आणि वेड्यावाकड्या काठांचे एक सरोवर असून नोतेच नदी त्यातून उत्तरेकडे वाहत जाते. या सरोवराच्या उत्तर टोकास क्रुश्वित्सा हे आठ-नऊ हजार वस्तीचे लहानसे गाव वसले आहे. या गावालाही एक स्थलमाहात्म्य आहे. इतिहासाच्या कसोटीवर ते फारसे टिकत नाही. तरीही एका अख्ख्या राष्ट्राने आपला आरंभ त्या कथेत पाहिला आहे.

कथेचे सर्वांत जुने लिखित रूप १२ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आहे. राजा तिसरा बोलेस्वाव याच्या दरबारी एक परदेशी धर्मोपदेशक होता. त्याचे खरे नाव कोणासच ठाऊक नाही. पुढील काळात त्याला ‘गाल्लुस’ म्हणू लागले आणि तेच रूढ झाले. त्याने लॅटिन भाषेत पोलंडच्या राजांची बखर लिहिली. बखरीच्या प्रारंभी दिग्विजयाचे किंवा राज्याभिषेकाचे वर्णन असावे अशी आपली अपेक्षा असते. या बखरीच्या प्रारंभी आहे एका शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलाचे जावळ.

पोपिएल नावाचा एक मांडलिकांचा अधिपती होता. त्याच्या दोन मुलांचे केस प्रथमच उतरवावयाचे होते, म्हणून त्याने मोठी मेजवानी मांडली होती. सरदार-दरकदार जमले होते. अशा वेळी कोठूनसे दोन अनोळखी वाटसरू नगराच्या वेशीशी आले. त्यांना पंगतीस बोलावणे दूरच राहिले, लोकांनी त्यांना अपमान करून हाकलून लावले. ते दोघे नगराबाहेरच्या वस्तीकडे वळले आणि योगायोगाने एका झोपडीसमोर येऊन उभे राहिले. ती झोपडी प्यास्त नावाच्या, राजाची जमीन नांगरणाऱ्या गरीब माणसाची. झेपिखा ही त्याची पत्नी. दोघांनी पाहुण्यांना आत बोलावले, घरात जे होते ते पुढे ठेवतो म्हणाले. घरात होते तरी काय? आपल्या मुलाच्या जावळासाठी म्हणून राखून ठेवलेला जवाच्या मद्याचा एक लहान बुधला आणि त्याच दिवसासाठी पाळलेले डुकराचे एक पिल्लू. आमच्या वाचकांना हा नैवेद्य रुचणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु उत्तरेकडील त्या थंड प्रदेशात गरिबाच्या घरी सणासुदीला हेच अन्न असे, आणि कथेचे मर्म पदार्थात नसून दातृत्वात आहे.

पाहुण्यांनी बुधला ओतण्यास सांगितले. ओतता ओतता भांडी भरली, शेजाऱ्यांची भांडी मागून आणली, तीही भरली, पण बुधला रिता होईना. तिकडे राजाच्या पंगतीतील पेले मात्र कोरडे पडले, असे बखरकार मोठ्या खुबीने नमूद करतो. मांसाचेही तसेच झाले. दहा मोठे हंडे भरले. द्रौपदीच्या थाळीची आठवण कोणास होणार नाही? चकित झालेल्या पतिपत्नींनी पाहुण्यांच्याच सल्ल्याने राजालाही आपल्या घरी बोलावले, आणि राजा आपल्या नांगऱ्याच्या झोपडीत जेवावयास आला. मग त्या दोन अतिथींनी मुलाचे केस कापले आणि पुढील काळाची खूण म्हणून त्याचे नाव ठेवले श्येमोवित. हाच मुलगा वाढून देशाचा अधिपती झाला, पोपिएलाचे कुळ राज्यावरून गेले, आणि प्यास्ताच्या वंशाने पोलंडवर १३७० पर्यंत राज्य केले. ते अतिथी कोण होते? गाल्लुस स्पष्ट सांगत नाही. देवाच्या गूढ इच्छेने ते आले, एवढेच तो लिहितो. पुढच्या सांगणाऱ्यांनी त्यांना देवदूत केले.

येथे थोडे थांबून त्या जावळाविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्या घराघरांतील आयाबायांना ते सर्वाधिक जवळचे वाटेल. जुन्या स्लाव लोकांत मुलगा साधारण सात वर्षांचा झाला म्हणजे समारंभपूर्वक त्याचे केस कापीत आणि बहुधा त्याच वेळी त्याचे नाव ठेवीत. तोवर आईच्या पदराखाली असलेले मूल त्या दिवसापासून पित्याच्या देखरेखीखाली जाई. ज्याच्या हातून केस कापले जात, तो त्या घराचा आप्तच होऊन बसे. गाल्लुसच्याच बखरीत आणखी एक कथा आहे. श्येमोविताच्या वंशातील म्येश्को हा जन्मांध होता, आणि सातव्या वाढदिवशी वडिलांनी रीतीप्रमाणे भरविलेल्या समारंभात त्याला अकस्मात दृष्टी आली. हाच म्येश्को पुढे ९६६ मध्ये ख्रिस्ती झाला आणि त्याच्याबरोबर सारा देश. अंधाला दृष्टी येणे हे या धर्मांतराचेच रूपक आहे, असे बखरकार स्वतःच सुचवितो. आपल्याकडे चौल पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी होते, त्यांच्याकडे सातव्या वर्षी. एवढ्या साम्यावरून दोन्ही समाजांच्या मुळांविषयी मोठमोठी अनुमाने काढण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. प्रथम केश उतरविण्याचा विधी पृथ्वीच्या पाठीवर कितीतरी समाजांत आढळतो.

आता पोपिएलाचे काय झाले ते ऐका. म्हातारी माणसे असे सांगतात, अशी प्रस्तावना करून गाल्लुस लिहितो, की राज्यभ्रष्ट पोपिएलाच्या मागे उंदीर लागले. एकदोन नव्हेत, झुंडीच्या झुंडी. सोबत्यांनी त्याला पाण्यापलीकडे एका बेटावर नेले, लाकडी मनोऱ्यात ठेवले. तर उंदीर पोहत तेथेही पोचले. सोबती मारीत राहिले, परंतु मेलेल्या उंदरांची दुर्गंधी अशी सुटली की शेवटी एकेकाने काढता पाय घेतला. एकट्या उरलेल्या राजाला उंदरांनी कुरतडून मारले. अतिथीला दारातून परतविणाऱ्याची ही गत! आपल्याकडे उंदीर हे गजाननाचे वाहन. त्याला मोदकाचा तुकडा मिळतो. पोलंडच्या कथेतला उंदीर कोणाचे वाहन नाही. तो नुसताच दंड आहे.

चौकस वाचकाच्या ध्यानात आले असेल, की या कथेत क्रुश्वित्सा अजून आलेलेच नाही. गाल्लुसने जावळाचा प्रसंग घडविला आहे तो ग्न्येझ्नो या दुसऱ्याच नगरात, आणि उंदरांचे बेट कोणत्या पाण्यात होते हे तो सांगतच नाही. कथा गोप्वोच्या काठी आली ती हळूहळू. १३ व्या शतकाच्या आरंभी विंत्सेंती काद्वुबेक या बिशपने तिला अधिक भयंकर रूप दिले. त्याच्या लेखी पोपिएलाने पत्नीच्या चिथावणीवरून आजाराचे सोंग केले, आपल्या चुलत्यांना निरोपासाठी म्हणून बोलावले आणि विषाचा पेला पाजून ठार केले. त्यांच्या प्रेतांना मूठमातीसुद्धा दिली नाही. त्या प्रेतांतूनच उंदीर निघाले. अतिथीच्या अपमानाची जागा आता स्वजनांच्या हत्येने घेतली. आणि १५ व्या शतकात यान द्वुगोश या इतिहासकाराने आपला विस्तीर्ण ग्रंथ लिहिला, तेव्हा पोपिएलाची राजधानी क्रुश्वित्सा आणि उंदरांचे सरोवर गोप्वो हे पक्के होऊन गेले. ऱ्हाइन नदीकाठी बिंगेन येथेही एक ‘उंदरांचा मनोरा’ आहे, आणि हाट्टो नावाच्या धर्मगुरूला उंदरांनी खाल्ल्याची कथा तेथील जर्मन लोक सांगतात. म्हणजे कथाबीज एका गावाचे नाहीच. वारा नेईल तेथे ते रुजले.

मग क्रुश्वित्सालाच ते इतके का चिकटले? आमच्या मते त्याचे उत्तर गावाच्या खऱ्या इतिहासात आहे. ११ व्या शतकात हे मोठे गढीचे ठाणे होते, धनाने आणि योद्ध्यांनी भरलेले. १०९६ मध्ये येथे बापलेकांत युद्ध झाले. राजा व्वादिस्वाव हेर्मान याच्याविरुद्ध त्याचा मुलगा झ्बिग्न्येव याने बंड केले, क्रुश्वित्साच्या लोकांनी मुलाचा पक्ष घेतला, आणि बापाची सरशी झाली. गाल्लुस सांगतो, की इतके रक्त सांडले आणि इतकी प्रेते सरोवरात पडली, की त्यानंतर श्रद्धावान ख्रिस्ती माणूस त्या पाण्यातला मासा तोंडी घालीना. श्रीमंत नगर ओसाड झाले. हे लिहिले गेले घटनेनंतर केवळ २० वर्षांनी, ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात असताना. राजकुळातील कलह, पाण्यातील प्रेते, सरोवराला लागलेला विटाळ, या साऱ्या गोष्टी येथे खरोखर घडल्या होत्या. ज्या पाण्याने असे पाहिले, त्या पाण्यात पुढील पिढ्यांना उंदीर पोहताना दिसले तर नवल नाही. हे अर्थात आमचे अनुमान. विद्वानांनी दुसरेही तर्क लढविले आहेत. ‘उंदीर’ हे एका बंडखोर घराण्याचे नाव असावे, असाही एक तर्क आहे.

या युद्धानंतर थोड्याच काळात, १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात, सरोवराकाठी संत पीटर आणि संत पॉल यांचे चर्च उभे राहिले. ग्रॅनाइट आणि वालुकाश्म यांच्या घडीव चिऱ्यांची ही वास्तू आजही पूजेत आहे. जाड भिंती, अरुंद खिडक्या, पूर्वेकडे अर्धवर्तुळाकार पाच गर्भकोनाडे. आपल्याकडील हेमाडपंती देवळासारखाच तिचा भारदस्तपणा नक्षीत नसून दगडात आहे. एके काळी बिशपची गादीही येथे होती. ती पुढे व्वोत्स्वावेक नगरास गेली आणि गावाचे महत्त्व उतरणीस लागले. २९ जून हा या दोन्ही संतांचा स्मरणदिन, तोच गावच्या देवस्थानाचा वार्षिक उत्सव. कॅथलिक पोलंडमध्ये प्रत्येक गावाला असा आपला दिवस असतो. प्रार्थना, मिरवणूक, आणि चर्चच्या आवाराबाहेर मिठाईची व खेळण्यांची दुकाने. जत्रा म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको.

आणि तो मनोरा? सरोवरात शिरलेल्या एका भूशिरावर तो उभा आहे. लाल विटांचा, अष्टकोनी, सुमारे ३२ मीटर उंचीचा. प्रवासी त्याला ‘उंदरांचा मनोरा’ म्हणूनच पाहावयास येतात. परंतु पोपिएल झालाच असेल तर ९ व्या शतकातला. मनोरा बांधला गेला १३५० च्या सुमारास. बांधणारा होता राजा काझिमिएश, ज्याला पोलिश लोक ‘महान’ ही पदवी लावतात. त्याने देशभर विटांचे किल्ले बांधले, त्यांतलाच हा एक. १७ व्या शतकाच्या मध्यास स्वीडनच्या सैन्याने पोलंड तुडविला, तेव्हा किल्ला जळाला; मनोरा आणि तटाचे काही अवशेष तेवढे राहिले. नियतीचा खेळ असा, की काझिमिएश हा पोलंडच्या सिंहासनावरील प्यास्त वंशाचा अखेरचा राजा. वंशाच्या शेवटच्या पुरुषाने बांधलेल्या वास्तूत लोकांनी वंशाच्या पहिल्या पुरुषाची कथा नेऊन बसविली.

१७७२ मध्ये पोलंडच्या पहिल्या फाळणीत हा प्रदेश प्रशियाकडे गेला, आणि १७९५ पर्यंत प्रशिया, रशिया व ऑस्ट्रिया यांनी उरलेला देशही वाटून घेतला. पुढची १२३ वर्षे नकाशावर पोलंड नव्हताच. देश गेला, राजा गेला, सैन्य गेले. राहिल्या दोन गोष्टी, भाषा आणि देव. जर्मन राज्यकर्त्यांनी शाळांतून पोलिश भाषा एकेक पायरीने काढून टाकली. शेवटी धर्मशिक्षणाच्या तासालाही जर्मन आले, तेव्हा मात्र मुलांनीच नकार दिला. क्रुश्वित्सा ज्या पोझनान प्रांतात होते, त्याच प्रांतातील व्झेश्न्या गावी १९०१ मध्ये मुलांनी जर्मनमधून धर्मपाठ म्हणण्याचे नाकारले, म्हणून त्यांना छड्यांनी फोडून काढले आणि निषेध करणाऱ्या पालकांना तुरुंगात धाडले. १९०६-०७ मध्ये हा शाळाबहिष्कार प्रांतभर पसरला, हजारो मुले त्यात होती. आईने शिकविलेल्या शब्दांत देवाला हाक मारता यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. आपल्या घरी लेकरू संध्याकाळी दिव्यापुढे ‘शुभं करोति’ म्हणते, ते परक्या भाषेत म्हण असे कोणी दटावले तर घरच्यांना काय वाटेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

याच काळात गोप्वो सरोवर साहित्यात अवतरले. परागंदा कवी युलिउश स्वोवात्स्की याने ‘बालादिना’ हे नाटक लिहिले. १८३९ मध्ये ते पॅरिसमध्ये छापले गेले. त्यात गोप्लाना नावाची या सरोवराची जलदेवता आहे. आपल्या ‘साती आसरां’ची ती दूरची बहीण म्हणावी. १८७६ मध्ये युझेफ इग्नात्सी क्राशेव्स्की याने पोपिएलाच्या पतनावर कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘जुनी कहाणी’. त्याने ‘उंदीर’ हे कुळनाव असल्याचा तर्क उचलला आणि जुलमी राजाविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगितली. परक्या राजवटीत ती वाचणाऱ्याला पोपिएल कोण आणि प्यास्त कोण हे सांगावे लागत नव्हते. राजसत्ता गमावलेल्या लोकांना नांगऱ्याच्या झोपडीतून उगम पावलेल्या राजवंशाची आठवण केवढा आधार देत असेल!

१९१९ च्या आरंभी गाव पुन्हा पोलंडचे झाले. पण वीस वर्षांतच हिटलरचे सैन्य आले. हा प्रदेश थेट जर्मनीत सामील केला गेला. येथील बहुतेक चर्चना टाळी लागली, धर्मोपदेशक छळछावण्यांत गेले, असंख्य पोलिश कुटुंबांना घराबाहेर काढण्यात आले, आणि ज्यू समाज तर या भागातून समूळ नाहीसा केला गेला. १९४५ च्या जानेवारीत तो अंमल संपला.

पोलंडच्या पूर्व भागातील लोकांवर तेव्हा वेगळेच संकट कोसळले होते. रशियाने १९४० पासून लक्षावधी पोलिश नागरिकांना सैबेरियाकडे हद्दपार केले. त्यांतून सुटलेल्यांपैकी सुमारे ५,००० जणांना, त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक, १९४३ ते १९४८ या काळात आसरा मिळाला तो कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. हे लोक क्रुश्वित्साचे नव्हेत. पण प्यास्ताच्या कथेवर वाढलेल्या राष्ट्राचे होते, आणि अतिथी म्हणून आपल्या दाराशी आले होते. कोल्हापुरात त्यांचे स्मारक आहे.

‘घरात पाहुणा आला म्हणजे घरात देव आला’ अशा अर्थाची म्हण पोलिश भाषेत आजही रोज बोलली जाते. ‘अतिथी देवो भव’ ऐकत वाढलेल्या आपल्याला ती परकी वाटणार नाही. म्हणीचे आचरण पाहावयाचे तर २४ डिसेंबरची रात्र. त्या दिवशी घरोघरी उपवासाचे वातावरण असते. मांस शिजत नाही, मासे, बीटाचे सार, खसखशीचे गोड पदार्थ असे परंपरेने बारा पदार्थ करतात. मेजावरील पांढऱ्या वस्त्राखाली मूठभर सुके गवत पसरतात, कारण बाळ येशू गोठ्यात जन्मला. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी घास घेत नाही. मुले खिडकीशी उभी राहून ती शोधतात. मग घरातील वडीलधारे पापुद्र्यासारखी पातळ, मंत्रविलेली गव्हाची पोळी हाती घेतात. प्रत्येकजण दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडून घेतो, आणि वर्षभराचे रुसवेफुगवे त्या तुकड्याबरोबर मिटवावयाचे असतात. मेजावर माणसांच्या संख्येपेक्षा एक ताट अधिक मांडलेले असते. ते अनाहूत अतिथीसाठी. काही घरांत त्या वर्षी गेलेल्या माणसाचेही ते ताट असते.

आजचे क्रुश्वित्सा तसे साधे गाव आहे. साखर कारखाना आहे. कुयावीची काळी जमीन बीटाला मानवते. मोहरीच्या कुळातील रेपसीडपासून खाद्यतेल काढण्याचा मोठा कारखानाही आहे, आणि त्याच्या बाटल्या देशभरच्या स्वयंपाकघरांत दिसतात. सरोवर व त्याच्या काठची दलदल पाणपक्ष्यांसाठी राखून ठेवली आहे. त्या राखीव प्रदेशाच्या नावात ‘सहस्रक’ हा शब्द आहे, कारण १९६६ मध्ये पोलिश राष्ट्राची हजार वर्षे साजरी झाली होती. अलीकडे दक्षिणेकडील तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणींमुळे गोप्वोचे पाणी ओसरेल, अशी धास्ती काठच्या लोकांनी वेळोवेळी बोलून दाखविली आहे. उन्हाळ्यात मनोऱ्याच्या पायथ्याशी नावा लागतात. जिना चढून वर गेले की एका बाजूस कारखान्यांची धुराडी दिसतात आणि दुसऱ्या बाजूस नजर पोचेल तेथवर सरोवर पसरलेले दिसते. हिवाळा कडक असला म्हणजे त्यावर बर्फ धरते, आणि माणसे बर्फाला भोके पाडून मासे पकडीत बसतात.